खाडाखोड केलेलं उत्तर बाद

"नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या अंगात हाडं मोठ्या माणसापेक्षा जास्त असतात, की कमी?"

मास्तरांचा प्रश्न पुरता संपलाही नव्हता, तोवर फ्रेमवाल्याने कागदावर लिहून टाकलं : कमी.

"जास्त," शेजारून बायको म्हणाली.

"अगं, एवढंसं बाळ! त्यात जास्त हाडं ठेवणार कुठे?"

"अरे, लहानपणी ती सुटी सुटी असतात. मोठं होता होता त्यातली काही एकमेकांना जुळतात. म्हणून..."

"लिहिलंय मी," फ्रेमवाला म्हणाला, आणि पेनाला टोपण लावून त्याने विषय मिटवला.

आता ही बायको कोण, ते सांगायलाच हवं. ही बाई हॉस्पिटलात एक्स-रे काढते. सकाळी उठून जाते आणि दिवसभर लोकांची हाडं बघते. म्हाताऱ्यांची बघते, पैलवानांची बघते, पाळण्यातून पडलेल्या बाळांचीही बघते. आणि तिच्यासमोर हा गृहस्थ, जो चित्रांना लाकडी चौकटी ठोकतो, तिला बाळाच्या अंगात जागा किती असते ते शिकवत होता!

तसा तो वाईट माणूस नव्हे हो. धंद्याने त्याला ती खोड लागली होती. गिऱ्हाईक म्हणे काळी फ्रेम, हा म्हणे तपकिरी. गिऱ्हाईक "पण" म्हणायच्या आत हा पट्टी कापायला घ्यायचा, आणि गिऱ्हाईक तपकिरी फ्रेम घेऊन मुकाट घरी जायचं. वर चार लोकांना सांगायचं, की फ्रेमवाल्याची नजर भारी. इतकी वर्षं असं चालल्यावर कुणालाही वाटेल, की आपल्याला सगळंच कळतं.

कोपऱ्यावरच्या त्या बारमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी सामान्यज्ञानाची स्पर्धा व्हायची. गुरुवारी धंदा मंदा म्हणून मालकाने काढलेली युक्ती. प्रश्न विचारायला शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे मास्तर. त्यांनी बारमध्ये पाय ठेवताना शिस्त काही बाहेर ठेवली नव्हती. एका टेबलाचा एक कागद, एक पेन, आणि खाडाखोड केलेलं उत्तर बाद. बरोबर असलं तरी बाद. "आधी विचार करा, मग लिहा," ते माईकवरून बजावत. म्हणजे टेबलावर ज्याच्या हातात पेन, तो राजा. फ्रेमवाल्याच्या टेबलावर पेन पहिल्या दिवसापासून फ्रेमवाल्याच्या हातात होतं, आणि ते त्याच्याकडे दुसऱ्या कुणी मागितलंही नव्हतं.

त्या टेबलावर तिसरा गडी म्हणजे त्याचा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. तो खारे शेंगदाणे खायला यायचा आणि वाटी संपली की उत्तरं संपल्यासारखा गप्प बसायचा.

मास्तरांनी उत्तर वाचलं : "जास्त." त्या एका गुणाने दातवाल्या डॉक्टरांचं टेबल जिंकलं. आणि दातवाले डॉक्टर इतके भले, की जिंकल्यावर उठून यांच्या टेबलाशी आले आणि बायकोला म्हणाले, "तुम्ही असताना हा प्रश्न तुमचा चुकला कसा, हेच आम्हाला कळेना."

बायको हसली. "काय आहे, आमच्याकडे जागेची अडचण आहे," ती म्हणाली.

सगळा बार खो खो हसला. फ्रेमवालाही हसला. घरी जाताना मात्र ती त्याच्या चार पावलं पुढेच चालत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. पुढचा सगळा आठवडा ती त्याच्याशी दवाखान्यातल्या पेशंटशी बोलावं तशी गोड बोलत होती. "जरा सरकता का? झालं हं." नवऱ्याला अहोजाहो! फ्रेमवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

पुढच्या गुरुवारी दोघं बरोबरच निघाली. बारचं दार त्यानेच उघडून धरलं. ती आत शिरली आणि सरळ दातवाल्यांच्या टेबलावर जाऊन बसली.

"त्यांना एक माणूस कमी होता," तिने लांबूनच सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? टेबलंच ती. पण या दोघांचं घर कसं चालायचं ते बघा. तिची ड्यूटी कधी सकाळची, कधी दुपारची. हा दुकानातून सुटेपर्यंत ती जेवून आडवी झालेली. तो उठायच्या आत ती निघून गेलेली. आठवड्यातून एक संध्याकाळ दोघं शेजारी शेजारी बसायची, ती ही गुरुवारची. तेवढीही आता गेली होती, तीही त्याच्याच हाताने.

"ऑक्टोपसला हृदयं किती?" मास्तरांनी विचारलं.

"एकच असणार," साडू शेंगदाणा फोडत म्हणाला. "जास्तीची घेऊन करायचीत काय त्याला?"

पलीकडच्या टेबलावर बायको काहीतरी बोलली. दातवाले डॉक्टर म्हणाले, "असं? ते कसं काय?" तिने तीन बोटं वर करून समजावलं, आणि ते चौघंही पुढे वाकून ऐकायला लागले. फ्रेमवाला ते बघत राहिला. तिचं बोलणं इतकं पुढे वाकून ऐकायचं असतं, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. मनातून त्याला फार वाईट वाटलं. त्याने मुकाट्याने तीन लिहिलं. तेवढ्यात मास्तर गरजले, "दुसऱ्याच्या टेबलाकडे बघून लिहिलेलं उत्तरही बाद!" आणि त्याचा कागद सगळ्यांसमोर उचलून नेला.

"साडूभाऊ," बाहेर पडल्यावर झेरॉक्सवाला म्हणाला, "माफी मागून टाका. आम्ही तर घरी चूक नसली तरी मागतो. वेळ वाचतो."

पण फ्रेमवाल्याला नुसतं तोंडाने मागता येईना. त्याला जे येत होतं, ते त्याने केलं. फार वर्षांपूर्वी शिडीवरून पडून त्याचं मनगट मोडलं होतं, तेव्हा एक्स-रे हिनेच काढला होता. हाड मोडलं आणि लग्न जुळलं ते असं. ती फिल्म त्याने माळ्यावरून शोधून काढली, तिला उत्तमातली उत्तम तपकिरी चौकट केली, मागे दुधी काच लावली आणि तिची ड्यूटी संपायच्या आत दिवाणखान्यात टांगून ठेवली.

ती आली. पर्स खांद्यावर तशीच ठेवून बराच वेळ बघत राहिली. फ्रेमवाल्याच्या जिवात जीव आला.

"उलटी लावलीयेस," ती म्हणाली.

"काय?"

"फिल्म. तुझा डावा हात मोडला होता. भिंतीवर उजवा आहे." मग ती खुर्चीत बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "मला एकदा विचारलं असतंस तर!"

तेच तर! पण हसली, हे खरं. लोखंड तापलंय असं समजून फ्रेमवाल्याने तिथल्या तिथे हात जोडले. "चुकलो मी. पेन तू घे."

"मला पेन नको रे. पेनाचं मी काय करू? मी बोलते ते कानात शिरू दे, एवढंच."

"शिरेल! यापुढे तू म्हणशील ते लिहिणार. उलट शब्द काढला तर नावाचा फ्रेमवाला नाही."

ती काहीतरी सांगणार होती. पण तो इतक्या उत्साहाने फिल्म सुलटी करायला धावला, की तिचं बोलणं राहूनच गेलं.

वर्षअखेरच्या मोठ्या फेरीला ती परत आपल्या टेबलावर आली. काउंटरवर पितळी कप घासून पुसून ठेवला होता. साडूने दोन वाट्या शेंगदाणे मागवले. फ्रेमवाल्याला कपाचं काही पडलेलं नव्हतं. ती शेजारी बसली होती, ती तिथेच राहायला हवी होती, बस्स. तो पेन घेऊन असा टपून बसला, जसा कोर्टातला कारकून.

"कोणत्या ग्रहावर दिवस वर्षापेक्षा मोठा?"

"शुक्र," बायको म्हणाली. त्याने लिहिलं : शुक्र.

"उडू शकणारा एकमेव सस्तन प्राणी?"

"वटवाघूळ. की उडणारी खार?... नाही, खार नुसती तरंगते. वटवाघूळ. तुला काय वाटतं?"

"तू म्हणशील ते."

पहिल्यांदा ती खूश झाली. त्याच्या हातावर हलकेच थापटलंदेखील. दुसऱ्यांदा नुसती हसली. पाचव्या-सहाव्या वेळी "तू म्हणशील ते" ऐकल्यावर तिने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. फ्रेमवाल्याला वाटलं, कौतुकाने बघतेय.

शेवटचा प्रश्न आला तेव्हा दातवाल्यांचे आणि यांचे गुण बरोबरीत होते. बारमध्ये ग्लास ठेवल्याचाही आवाज येईना.

"कागदाचे आकार तुम्हाला माहीत आहेत," मास्तर म्हणाले. "सगळ्यात मोठा ए-झिरो. तो मधोमध कापला की ए-वन, तो कापला की ए-टू, असे. तर एका ए-झिरो कागदातून ए-फोरचे कागद किती निघतील?"

फ्रेमवाल्याला हसूच फुटलं. देव पावला! अहो, त्याचा जन्म पुठ्ठे कापण्यात गेला होता. झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी त्याने सांगितलं असतं : सोळा.

"चारदा कापायचा," बायको बोटांवर मोजत पुटपुटली. "एकदा कापला की दोन. म्हणजे चार दुणे आठ. आठ!" मग ती त्याच्याकडे वळली. "बरोबर ना? हे तर तुझंच काम. तुला काय वाटतं?"

फ्रेमवाल्याच्या घशात सोळा आले. अगदी जिभेच्या टोकापर्यंत आले. पण दातवाल्यांच्या टेबलावर एक खुर्ची अजून रिकामीच होती, ती त्याला दिसत होती. 'अगं आठ कसे' म्हणायचं, आणि पुढच्या गुरुवारी ती त्या खुर्चीत! त्यापेक्षा कप गेला खड्ड्यात.

"तू म्हणशील ते," तो म्हणाला.

"नक्की?"

"तू म्हणशील ते."

आणि त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं : आठ. खाली एक रेघही मारली. साडूला एकदम ठसका लागला. त्याच्या पाठीवर दोन थापा मारून वेटर कागद घेऊन गेला.

"सोळा," मास्तरांनी वाचलं.

दातवाल्यांच्या टेबलावर टाळ्या झाल्या. त्यांचा एक भिडू रुमालाच्या घड्या घालून मोजत बसला होता, त्याला उत्तर सापडलं. पितळी कप तिकडे गेला. बारमालक काउंटरमागून ओरडला, "अहो फ्रेमवाले, माझ्या भिंतीवरचा नकाशा तुम्हीच कापून बसवलात ना! तुम्हाला सोळा येऊ नयेत?"

बायको हळूच वळली. "तुला माहीत होतं?"

फ्रेमवाल्याने पेनाला टोपण लावलं.

"माहीत होतं तुला."

"हो," तो म्हणाला. "पण मी शब्द दिला होता. तुझ्यासाठीच..."

"मला तर मास्तरांनी प्रश्न वाचला तेव्हाच माहीत होतं," साडू मध्येच म्हणाला. "माझं झेरॉक्सचं दुकान आहे, ताई. दिवसभर दुसरं करतो काय मी?"

"मग बोलला का नाहीत तुम्ही?"

"तुमच्या बहिणीने बजावलंय. म्हणाली, त्या दोघांचं आत्ता कुठे जुळतंय, मध्ये तोंड घालाल तर बघा." आणि त्याने उरलेले शेंगदाणे एका घासात तोंडात टाकले.

बायको उठली. तिने पर्स घेतली, दातवाल्यांचं अभिनंदन केलं आणि बाहेर पडली. फ्रेमवाला मागोमाग धावला. रस्त्यावर दुकानांची शटरं खाली येत होती. ती भरभर चालत होती.

"अगं, मी तुझा मान राखला," त्याने तिला गाठून म्हटलं.

"मान नाही राखलास. मागच्या चुकीची फेड केलीस." ती थांबली. "तेव्हा मला बोलू दिलं नाहीस. आज तू स्वतः बोलला नाहीस. दोन्ही वेळा त्या टेबलावर मी एकटीच बसले होते. मी विचारत होते रे तुला! किती वेळा विचारलं?"

फ्रेमवाल्याने मनातल्या मनात मोजलं. तिने खरंच विचारलं होतं. आठ चूक असल्याचं दुःख त्याला नव्हतं, पण ती त्याच्याकडे वळून 'तुझंच काम' म्हणाली होती, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर केवढी खात्री होती, ते आता आठवून त्याला रडू यायचं बाकी राहिलं. त्याने पुसून टाकली होती ती खात्री.

"चुकलो," तो म्हणाला. या वेळी हात जोडले नाहीत. "पुढच्या गुरुवारी कुठे बसणार आहेस?"

"दातवाल्यांकडे."

'तू म्हणशील ते' ओठांवर आलं होतं, सवयीने. ते त्याने गिळलं.

"मला नाही पटत ते," तो म्हणाला. "का पण?"

बायकोने चालता चालता त्याच्याकडे पाहिलं. मग तिची चाल जरा मंदावली.

"का ते सांगू?" ती म्हणाली. "मध्ये बोलायचं नाही. आणि गप्पही बसायचं नाही."

ती सांगू लागली. ते बाळाच्या हाडांपासून नव्हे, लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सुरू झालं. घर आलं तरी संपलं नव्हतं, आणि त्यातलं बरंचसं खरं होतं. फ्रेमवाला दाराशी किल्ली हातात धरून उभा होता, अधूनमधून "असं? ते कसं काय?" विचारत होता, आणि हे कितीतरी वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं, असं त्याला वाटत होतं.