आबासाहेबांनी सोफ्यावरून परभाषेवर केलेल्या स्वारीची हकीकत

वाचणारांचे सेवेसी लेखकाचा अर्ज ऐसा की, थोरांच्या स्वाऱ्या लिहिणारे बहुत जाहले, परंतु सोफ्यावर आडवे पडून, पायावर पाय टाकून, एका अंगठ्याने केलेल्या स्वारीची नोंद कोणी ठेविली नाही. ती ठेवणे आम्हांवर आले. नशीब आमचे! जे घडले तेच लिहितो, पदरचे घालत नाही, घालावयाची गरजही पडली नाही.

श्रीमंत राजमान्य राजश्री आबासाहेब, पाणीखात्याचे निवृत्त मीटर-वाचक, यांचे चिरंजीव परमुलखी चाकरीस गेले आणि तेथेच लग्न करून राहिले, आणि मग त्यांस कन्या जाहली. ती आबासाहेबांची एकुलती नात, वय अवघे पाच, आईची भाषा खडाखडा बोले आणि मराठीचा एक शब्द जाणेना. चिरंजीवांस शिकवावयास फुरसत जाहली नाही, ते प्रकरण लाजिरवाणे, सबब सोडून देतो. व्हिडिओ कॉलाच्या दरबारी आबासाहेब "कशी आहेस गं बाळा?" ऐसे पुसत, आणि पोर क्षणभर तोंडाकडे पाही, आणि मग उठून मांजरामागे निघून जाई. आबासाहेबांच्या पोटात तुटे. या कुल स्वारीत एवढी एकच गोष्ट खरी होती.

तो खबर आली की, सुटीत चिरंजीव नातीस घेऊन येणार आणि ते कचेरीच्या कामास फिरत असता पोर घरीच राहणार. मग आबासाहेबांनी मनसुबा केला की तिची भाषा काबीज करावी. त्यांचे कुटुंब माईसाहेब, जिभेच्या मोठ्या तिखट, यांनी मसलत दिली की सूनबाई रोज फोनवर चार शब्द शिकवील, तिला विचारावे. त्यावर फर्मान सुटले की, "मला कुणी शिकवायची गरज नाही. माझं मी शिकेन." माईसाहेबांचा उलट हुकूम जाहला की, "शिका हो, पण आधी चष्मा डोक्यावर आहे तो डोळ्यांवर घ्या."

मग अॅप उतरविले. त्यात एक हिरवे कासव वजीर होते, उत्तर चुकले की ते रडे आणि बरोबर आले की टुणकन उडे. साठी उलटलेला गृहस्थ कासव रडू नये म्हणून जीव टाकू लागला, यापरते काय लिहावे! पहिल्याच धड्यात "अस्वल दूध पिते" आणि "बाई, तुमचा रुमाल सुंदर आहे" ही दोन वाक्ये हाती लागली, आणि वर गुण मिळाले. आबासाहेबांचा जन्म लोकांच्या मीटरावरचे आकडे चढताना पाहण्यात गेलेला. आता स्वतःचा आकडा चढताना पाहिला आणि अक्कल गहाण पडली. पुढचे धडे कठीण, त्यांत चूक होई, गुण कापले जात. तेव्हा सरदारांनी तोड काढिली की पहिलाच धडा पुन्हा पुन्हा जिंकावा. गुण तेच, मेहनत नाही. येणेप्रमाणे जिंकलेलाच किल्ला रोज नव्याने जिंकीत आबासाहेब अॅपावरच्या शिकणारांच्या पितळी पंक्तीतून चांदीच्या पंक्तीत चढले, आणि 'पिवळी टोपी' नामे कोणी अनोळखी इसम वरचढ होता, त्याशी वैर धरिले. नात कोठे राहिली, भाषा कोठे राहिली! धडा म्हणताना माइकात 'अस्वल' हा शब्द ऐसा गर्जत की खालचा वॉचमन काठी घेऊन जिना चढून आला.

मग नातीची स्वारी दाखल जाहली. आबासाहेब इस्त्रीचा सदरा घालून दारी उभे राहिले आणि परभाषेत गर्जले की, अस्वल दूध पिते. पोरीने मागे वळून पाहिले आणि भयभीत होऊन काही पुसले. आबासाहेबांस अर्थ लागेना, कारण अॅपात उमटत तैसे तिच्या तोंडाखाली चार पर्याय उमटले नाहीत. मग त्यांनी दुसरी तोफ डागली की, बाई, तुमचा रुमाल सुंदर आहे. पोरीजवळ रुमाल नव्हता. ती बापाच्या पायास मिठी मारून रडू लागली. चिरंजीवांनी खुलासा केला की, "बाबा, ती विचारतेय, अस्वल घरात आहे का?" ऐसी शिकस्त पूर्वी कोणी खाल्ली नाही.

सरदार गॅलरीत पळाले आणि पुन्हा पहिला धडा जिंकू लागले. इकडे चिरंजीव कामास गेले, आणि माईसाहेबांनी, अॅप नाही, कासव नाही, पोरीस स्वयंपाकघरात नेऊन मटार सोलावयास बसविले आणि दिवसभर तोंडाचा पट्टा सोडिला. "हे घे. अगं असं नाही, असं! खाल्लेस ना सगळे? लबाड कुठली!" पोर आधी नुसती हसे, मग शेवटचा शब्द परत म्हणे, मग पुरते वाक्य म्हणू लागली, आणि तेही माईसाहेबांच्याच ठसक्यात. आबासाहेबांनी गॅलरीतून शेरा मारला की यात व्याकरण नाही.

एके दुपारी सोन्याची पंक्ती हाताशी आली होती, पिवळी टोपी मागे पडली होती आणि अंगठा शिवशिवत होता. तो पाठीमागे नात कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि हुकूम जाहला की, "अहो, पुरे आता ते टिंगटिंग! पानं घेतलीत. या की!"

आबासाहेबांचा अंगठा भलत्याच जागी पडला, कासव रडू लागले आणि पिवळी टोपी पुढे निघून गेली. आबासाहेबांनी पडद्याकडे पाहिलेही नाही. नातीकडे वळून पुसले की, "काय म्हणालीस, बाळा?"

"अहो, ऐकू येत नाही का? भात गार होतोय!"

आतून माईसाहेब ओरडल्या की, "अगं, आजोबा म्हण! 'अहो' मी म्हणते त्यांना!" परंतु आजी या गृहस्थास अहो म्हणते, त्याअर्थी याचे नावच अहो, ऐसा पोरीचा निवाडा पक्का, आणि त्यावर अपील चालेना. आबासाहेब हसू लागले आणि हसता हसता सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसू लागले.

सबब नोंद ठेवितो की, परभाषा आजतागायत अजिंक्य आहे, अस्वल अद्याप दूध पीत आहे, आणि फत्ते पाच वर्षांच्या गनिमाची जाहली. तिने मराठी मुलूख मटाराच्या टोपलीसह काबीज केला आणि पराभूत सरदारास 'अहो' हा किताब बहाल केला. सदरहू किताब त्यांनी माथी धरिला. नातीने बोट धरिले, आणि अहो जेवावयास गेले.