शून्य रुग्णांचं गाव

आजार सापडला की वाढतो, आणि सापडला नाही तर तो नसतो. आरोग्यशास्त्राचा हा पाया ज्यांना उमगला नाही, ते शिबिरं भरवत बसतात.

शहापूर तालुक्यातल्या एका गावाने मागच्या वर्षी तोंडाच्या कर्करोगाची तपासणी ठेवली. सकाळी गावात एकही रुग्ण नव्हता, संध्याकाळी सात झाले. एका दिवसात एवढी वाढ पटकीलाही जमलेली नाही. (सातपैकी सहा जण उपचार घेऊन यंदा भातलावणीला उतरले. पण तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.)

मुरबाड तालुक्यातलं आमचं गाव मात्र शहाणं. लोकसंख्या नऊशे शहाऐंशी. तंबाखू खाणारे तीनशे दहा, मशेरी लावणाऱ्या बाया जवळपास सगळ्या, तपासलेले शून्य, रुग्ण शून्य. शेवटचे दोन आकडे तंतोतंत जुळतात, याला नियोजन म्हणतात. या जोरावर आम्ही 'निरोगी गाव' स्पर्धेत उतरलो आणि सरपंच धर्मादादांनी निकालाआधीच वेशीवर पाटी लावली: 'कर्करोगमुक्त गाव'. मी आरोग्य समितीचा सचिव, त्यामुळे अक्षर माझं.

घोळ घातला तो गावच्या आशाताईने, रेश्माने. माझी चुलती ताराबाई ओट्यावर मशेरी लावत बसली होती. रेश्माने तिला तोंड उघडायला लावलं आणि गालाच्या आत पांढरा चट्टा शोधून काढला. मग तालुक्याच्या दवाखान्यात चला म्हणून तिच्या मागेच लागली.

"दुखत नाय गो, मग कशाला दावू?" काकी म्हणाली.

"दुखत नाय तवाच दावायचा असतो, मावशी."

असली उलटी अक्कल प्रशिक्षणात शिकवतात. समितीची तातडीची बैठक बसली. परीक्षक येऊन जाईपर्यंत गावात कोणी बाहेरच्यासमोर तोंड उघडायचं नाही, असं एकमताने ठरलं. चट्टा ही ताराबाईंची खासगी बाब असल्याचंही मान्य झालं. रेश्माने वहीत नोंद केली होती, ती मी खोडली. (पट्टी धरून, नीट.)

परीक्षक आले, वही पाहून खूश झाले. आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. (पहिला आला त्या गावात आशाताईच नाही.)

मग सत्कार झाले, मग भातकापणी आली, मग म्हसा गावची जत्रा. जत्रेत काकीने गरम भजं तोंडात घातलं आणि गाल धरून मटकन खालीच बसली. दुसऱ्या दिवशी ती आपणहून रेश्माबरोबर गेली. डॉक्टरांनी विचारलं, एवढे महिने काय करत होतात?

काकी म्हणाली, "आमच्या गावात यो आजार नाय. तशी पाटी हाय."

तिचा अर्धा जबडा काढला. आता ती पेजेवर आहे आणि बोललेलं फक्त रेश्माला कळतं. मला लाज वाटते. म्हणून मी हल्ली तिच्या दारावरून जात नाही. शस्त्रक्रिया मुंबईत झाल्याने रुग्ण मुंबईच्या आकड्यात गेला. मुंबईत प्रमाण वाढतंय म्हणतात, ते असं. आमचं शून्य शाबूत आहे.

तुम्हाला आमच्या अडाणीपणाचं हसू आलं असेल. तोंड उघडलंच आहे, तर तसंच आरशासमोर जाऊन एकदा गालाच्या आत बघा. किंवा अंगावरची ती गाठ, जी गेल्या दिवाळीपासून तुम्हाला माहीत आहे. नको? कामं आहेत, दुखतही नाही, सवडीने बघू?

मग तुमच्या दाराचं माप कळवा. पाटी मीच रंगवून देईन.