आठाच्या पुढे न जाणारं बटण

शांतता हाच संगीताचा आत्मा होय, असं कुरुंद्याचे बापूराव नेहमी म्हणतात. त्यांचं हे वाक्य तीन गल्ल्यांना ऐकू जातं, कारण गाणं चालू असतानाच ते म्हणायची त्यांना सवय आहे.

बापूराव हळद पिकवतात आणि उरलेल्या वेळात आवाज शुद्ध करतात. त्यांच्याकडे दोन यंत्रं. आवाजाचं बटण असलेला प्रीअँप नांदेडच्या एका बंगल्याच्या भंगारातून आला, त्याचा आवाज वाढवून स्पीकरला देणारा पॉवर अँप एका बँडवाल्याकडून. दोघंही आपापल्या जागी कर्तबगार, पण एकत्र नांदेनात. बटणाचा काटा घड्याळातल्या आठापर्यंत नेला की छताचे पत्रे थरथरायचे. आठाच्या अलीकडे ठेवला की नुसती खरखर.

"सर, जोर जादा होऊन राहिला," ते मला समजावत. "विहिरीवर साडेसात हॉर्सपॉवरची मोटार, आन् पाणी कुणाला? तर तुळशीला!"

"मग बटण कमी ठेवा की."

"बटणानं गाणं कमी होतंय, सर. खरखर बटणाच्या पुढं जन्मती. तिला बटणाचा धाक न्हाई."

कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी ते टीव्हीला कान लावत. भाचीच्या सोयरिकीच्या बैठकीत त्यांनी मुलाकडचा टीव्ही ऐकला आणि "या घरात खरखर हाये" असा शेरा दिला. सोयरीक मोडता मोडता राहिली.

हा सगळा खटाटोप एका कॅसेटसाठी होता. तरुणपणी रेडिओवर भजन लागलं की बापूराव त्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवत आणि घरात कुणी खोकलं तरी डोळे वटारत. त्यातल्या एका कॅसेटमध्ये, दुसऱ्या अभंगाच्या शेवटी, त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, काहीतरी बोलल्या. "बिघडवली की न्हाई हिनं!" हे बापूराव पुढं वर्षानुवर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. वहिनींना जाऊन आता चार वर्षं झाली. त्या काय बोलल्या होत्या ते खरखरीत कळत नव्हतं, आणि बापूरावांना आठवत नव्हतं.

वसमतच्या मेकॅनिकनं कपाळाला हात लावला. "काका, आवाज येत न्हाई म्हणून लोक येतात. जादा येतो म्हणून आलेले तुमी पैले." पण माणूस जाणता होता. दोन यंत्रांच्या मधे बारीक रेझिस्टर घाला, म्हणाला. जोर तिथंच अडतो, खरखरही दबते. फक्त डबी धातूची पाहिजे.

बापूरावांनी कनवटीची दुतोंडी डबी रिकामी केली. तंबाखूच्या खणात डाव्या स्पीकरचा रेझिस्टर, चुन्याच्या खणात उजव्याचा.

"म्हणजे तंबाखू सुटली?" मी विचारलं.

"सुटली. ठिवायला जागाच न्हाई."

रविवारी त्यांनी मला बोलावलं. यंत्रं चालू झाली आणि काहीच ऐकू आलं नाही, खरखरसुद्धा. मला वाटलं, जळली. बापूराव मात्र हात जोडून उभे होते. मग कॅसेट लावली, बटण चढलं: आठ, नऊ, दहा, थेट बारा. भजन स्वच्छ, पत्रे गप्प. दुसरा अभंग संपला, टाळ थांबले, आणि मागून, चुलीपासून बोलावं तसा आवाज आला.

"अवो, आवाज कमी करा. लेकरू झोपलंय."

लेकरू आता चाळिशीचं आहे आणि पुण्यात असतं. बापूराव पुढे झाले, आणि बटण पुन्हा आठावर आणून ठेवलं.