सावंतकाका आणि पुतळ्याचा निळा

शारजाच्या अल मजाज भागातल्या आमच्या इमारतीत कुणी नवी गाडी आणली, की सावंतकाका पार्किंगमध्ये उतरतात, दारावर टकटक करतात आणि मालकाला सांगतात, "हे दार पुन्हा रंगवलंय." मालकाचा चेहरा पडतो. काका समाधानानं लिफ्टकडे वळतात. तीस वर्षं इथे गाड्या रंगवलेला माणूस. माझ्या बायकोच्या तोंडून 'गुलाबी' निघालं, तरी विचारतात, "कुठला गुलाबी, वहिनी?"

माझी मुलगी रेवा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी अबू धाबीतलं एक संग्रहालय बघणार होती. मी काकांनाही गाडीत घेतलं. तिथे एका प्राचीन संगमरवरी पुतळ्याशेजारी त्याची रंगवलेली प्रतिकृती होती. भडक निळा झगा, लालभडक ओठ. दगडावर उरलेल्या कणांवरून तज्ज्ञांनी हे रंग शोधलेत, असं गाईड सांगत होता.

काका वाकून बघत म्हणाले, "ऊपर का हाथ किधर है?"

गाईड ओशाळला. "सर, वो टूटा हुआ ही मिला."

"अरे, रंग का हाथ!"

मग काकांनी त्याला हिंदीत समजावलं. दगडाला धरून राहतो तो अस्तराचा हात. वरचे पातळ हात आधी झडतात. निळा होता, खलास, तेवढं मान्य. पण कुठला निळा?

गाईड हसला. तज्ज्ञांनाही हाच प्रश्न पडतो, म्हणाला. रंग कशापासून केला ते सांगता येतं, नेमकी छटा हा अंदाजच. परतताना काकांनी आम्हाला खुशीत इथला दाट दुधाचा करक चहा पाजला.

पुढच्या आठवड्यात ते एक कृष्णधवल फोटो घेऊन रेवाकडे आले. "माझी आई. हिला कॉम्प्युटरवर रंग देशील?"

"शुअर, काका. व्हॉट कलर वॉज द सारी?"

काकांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. "जांभळी असावी."

कणकवलीला राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या बहिणीला ठाऊक असणार. पण काका भाच्याच्या लग्नाला गेले नव्हते, तेव्हापासून दोघांत बोलणं बंद होतं. शेवटी आमच्याच सोफ्यावर बसून त्यांनी स्पीकरवर तिला फोन लावला.

"हिरवी होती रे दादा. माका बरा आठवता."

"जांभळी गो."

चहा निवला तरी दोघं भांडत होती. मध्येच लग्नाचा विषय निघाला, आणि काका हळूच म्हणाले, "चुकलंच माझं."

त्यानंतर दर शुक्रवारी तिचा फोन येऊ लागला आणि साडीचा वाद नव्यानं रंगू लागला. परवा रेवानं विचारलं, "काका, शुड आय डू बोथ? जांभळी अँड हिरवी?"

"नको," काका घाईनं म्हणाले. "एवढ्यात ठरवू नकोस."