पिंपरणीजवळ उभा राहिलेला सॅल्यूट

लेफ्टनंट रेवती आडसूळनं सोमवारी सकाळी दिलेला सॅल्यूट समोरून परत मिळाला नाही, त्यामुळे तो देवखेड छावणीत, मेसकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पिंपरणीच्या झाडाजवळ तसाच उभा राहिला.

यात नवल काही नाही. परत न मिळालेला सॅल्यूट जागचा हलत नाही, हे पलटणीत नव्या शिपायालासुद्धा ठाऊक असतं. फक्त तशी वेळ सहसा येत नाही, कारण सॅल्यूट मिळाला की माणूस तो परत करतोच. देवखेडला असा प्रसंग याआधी एकदाच आला होता. तेव्हाच्या साहेबांना लांबचं दिसत नव्हतं, आणि चष्मा आणून देताच तो मिटला.

दिसायला हा सॅल्यूट फारसा काही नव्हता. सरळ पाहिलं तर दिसायचाच नाही. पण सकाळचं ऊन तिरपं आलं की डांबरावर एका हाताची सावली पडायची, कोपर बाहेर आणि बोटं भुवईला. मंगळवारी धोब्याची सायकल त्याला धडकली आणि इस्त्रीचे कपडे रस्ताभर झाले. मग दोन्ही बाजूंना लाल झेंडे लागले आणि गाड्या कडेनं न्यायचा हुकूम निघाला. एक बुलबुल तेवढा कोपरावर येऊन बसायला लागला. त्याला हुकूम लागू नव्हता.

रस्त्याचं काय, रस्ता वळवता येतो. खरी पंचाईत आडसूळच्या हाताची झाली. पहिला सॅल्यूट परत आल्याशिवाय दुसरा देता येत नाही. तिचा उजवा हात अंबाडा बांधत होता, भाकरी मोडत होता, सह्या करत होता. पण सॅल्यूटसाठी उचलला की हनुवटीपाशी येऊन थांबायचा. डॉक्टरीणबाई मेजर गुळवणींनी तपासून कागदावर लिहिलं, 'हात उत्तम. सॅल्यूट नाही.' आणि ज्या अधिकाऱ्याला सॅल्यूट करता येत नाही त्याला तीस दिवसांत घरी पाठवतात. आडसूळ औशाची. वयाच्या नवव्या वर्षापासून तिला हा गणवेश सोडून दुसरं काही नको होतं, आणि तो अंगावर चढून अजून दोन वर्षंही झाली नव्हती. 

हा सॅल्यूट परत करायचा होता लेफ्टनंट नयना डोंगरदिवेनं. ती शनिवारी दहाच्या ट्रकनं बदलीवर निघणार होती, पार ईशान्येला.

आता, लेफ्टनंटनं लेफ्टनंटला सॅल्यूट करायची पद्धत नाही. 'काय गं, चहा झाला का?' एवढं पुरतं. या दोघी तर एकाच तुकडीतून, एकाच दिवशी बाहेर पडलेल्या. पण सोमवारी सकाळी आडसूळला बदलीची बातमी कळली, आणि पाचच मिनिटांत डोंगरदिवे केळं खात मेसमधून येताना दिसली. आडसूळचा हात आपोआप वर गेला. डोंगरदिवे हसली, "शहाणीच आहेस," म्हणाली आणि केळं खात पुढे निघून गेली. झालं एवढंच.

बुधवारी कर्नल खर्डेकरांसमोर चौकशी बसली. कागद घेऊन सुभेदार सोनटक्के आले. एकवीस वर्षांच्या नोकरीत सोनटक्क्यांनी कुठला कागद अर्धवट सोडला नव्हता, आणि आता या वयात ते सुरुवात करणार नव्हते.

"सर, आधी सिनियर कोण ते पाहू," ते म्हणाले. "म्हणजे दिशा कळेल." त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. "आडसूळ मॅडम एकेचाळीस. डोंगरदिवे मॅडम बेचाळीस."

कर्नलसाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे सिनियरनं ज्युनियरला आधी सॅल्यूट केला. चुकून झालं का, आडसूळ?"

"नाही सर."

"मग कारण सांगा. रकाना आहे त्याला."

आडसूळनं सांगितलं. अकादमीतली शेवटची तीस किलोमीटरची दौड. बाविसाव्या किलोमीटरला तिचा घोटा मुरगळला आणि ती खडीवर बसली. डोंगरदिवे तेव्हा चौथी होती, पुढच्या टेकाडावर. ती परत फिरली. हिची रायफल घेतली, पाठीवरचा पिट्टू घेतला, आणि दोघी लंगडत सगळ्यांच्या शेवटी पोचल्या. रेषेपाशी डोंगरदिवे म्हणाली, 'तू आधी जा, तुझा पाय दुखतोय,' आणि हिला पुढं ढकललं.

"म्हणून मी एकेचाळीस, सर. आणि ती बेचाळीस."

"तेव्हाच आभार नाही मानलेत?"

"मानायचे होते. मग निकाल लागला, जेवणं झाली, घरची मंडळी आली. राहून गेलं."

कर्नलसाहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आमचंही बरंच राहून गेलंय," ते म्हणाले, आणि हे लिहू नका अशी त्यांनी सोनटक्क्यांना खूण केली.

सोनटक्क्यांनी तोडगा काढला तो गुरुवारी, आणि ऑफिसात सगळ्यांना तो फार आवडला. डोंगरदिवे मॅडमनी मागच्या रविवारच्या तारखेनं एक सॅल्यूट द्यावा. ज्युनियरचा आधी, हे रीतीला धरून. मग आडसूळ मॅडमचा सोमवारचा सॅल्यूट आपसूक त्याचं उत्तर ठरतो. रस्ता मोकळा, हात मोकळा. कागद टाइप होऊन आला, फक्त आडसूळची सही हवी होती.

आडसूळनं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"साहेब, उत्तरं मी एरवी दिवसाला शंभर देते. गेटवर देते, दवाखान्यात देते, सायकलवरून जाताना मान वळवून देते. हे उत्तर नव्हतं."

"मॅडम, नोकरी जाईल."

"ठाऊक आहे हो."

"एका सहीचं काम आहे."

"तेच तर. सही केली की मी तिचे आभार कधी मानलेच नव्हते, असं होईल."

सोनटक्क्यांनी कागद फायलीत ठेवला. राग त्यांना आला होता; पण हात जोडावेत असंही वाटलं होतं.

शुक्रवारी डोंगरदिवे तणतणत पिंपरणीपाशी आली, मागोमाग सोनटक्के. "आणा इकडं, करते परत. माझ्यापायी हिची नोकरी घालवायची का?" तिनं टाचा जुळवून कडक सॅल्यूट केला. डांबरावरची सावली हलली नाही. तिनं पुन्हा केला, तिसऱ्यांदा केला. बुलबुलानं मान वाकडी करून पाहिलं.

"मॅडम," सोनटक्के जपून म्हणाले, "परत करताना मनात काय होतं?"

"काय असणार? हेच की एवढं काय केलं मी."

"मग नाही पोचायचा. तुम्ही घेतलाच नाहीत, तर परत काय करणार?"

डोंगरदिवे मागे वळली. सामान बांधायला निघून गेली.

शनिवारी पावणेदहाला ट्रक मेसवरून निघाला आणि पिंपरणीपाशी थांबला. आडसूळ तिथं आधीच येऊन उभी होती, निदान निरोप तरी द्यावा म्हणून. सोनटक्के फायल घेऊन हजर होते. डोंगरदिवे पुढच्या सीटवरून खाली उतरली. डोळे सुजलेले होते.

"आडसूळ, ऐक. मध्ये बोलू नकोस. त्या दिवशी मी तुझ्यासाठी परत नव्हते फिरले. चौथी होते, पण संपले होते. टेकाडावर बसले होते मी. अकादमीतल्या उस्तादांना सांगणार होते, नाव कमी करा, मला नाही जमत. तेवढ्यात खालून तुझा आवाज आला. तू स्वतःच्या पायाला शिव्या घालत होतीस, एकाहून एक. मला हसूच आलं. म्हटलं, ही बघ, बसलीये खडीवर आणि भांडतेय पायाशी. तुझं ओझं खांद्यावर होतं म्हणून मला थांबता आलं नाही. नाहीतर मी आज नांदेडला मामाच्या दुकानात असते."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"लाज वाटली. आणि सोमवारी तू हात वर केलास तेव्हा तर मेल्याहून मेल्यासारखं झालं." तिनं नाक पुसलं, टोपी सारखी केली. "पण तू उचललास तो खरा होता. घेतला, बाई, तुझा."

तिनं सॅल्यूट केला. बुलबुल उडाला, कारण बसायला कोपर राहिलं नाही. सावली पुसली गेली. डोंगरदिवेनं हात खाली आणला, आणि लगेच पुन्हा वर नेला. "आणि हा माझा."

सोनटक्क्यांनी वाकून डांबर पाहिलं. आता एक सावली उलट्या बाजूनं पडली होती, कोपर मेसकडे. "आडसूळ मॅडम, हा नवीन आहे. हा तुमच्याकडं."

आडसूळचा हात मोकळा झाला होता, हे तिला खांद्यापासून कळत होतं. आणि तिच्या ओठावर अगदी तेच आलं: एवढं काय केलं मी, मी तर नुसती पायाला शिव्या घालत होते. तिनं ते गिळलं. जिवावर आलं, पण गिळलं. नाहीतर डोंगरदिवेचा हात अडकायचा, आणि तिकडं ईशान्येत तिला कोण विचारणार होतं? मग तिनं मैत्रिणीचे आभार घेतले, सगळेच्या सगळे, आणि हात भुवईपर्यंत नेला. तो सरळ वर गेला.

डांबर कोरं झालं. सोनटक्क्यांनी घड्याळ पाहून वेळ लिहिली, नऊ छप्पन, आणि रुमालानं चष्मा पुसला. धूळ फार आहे या रस्त्याला, असं ते म्हणाले.

ट्रक निघाला. आडसूळ मागं मागं गेटपर्यंत पळत गेली आणि वळणावर तिनं हात हलवला. डावा हलवला, कारण उजव्यानं डोळे पुसत होती. डोंगरदिवे समोर बघत होती, तिला ते दिसलं नाही.

पुढच्या सोमवारी परेडला आडसूळचा उजवा हात बिनतक्रार वर गेला. गेटपाशी सकाळचं ऊन आलं की डांबरावर हलणाऱ्या हाताची सावली अजून पडते. तिथं झेंडे लावलेले नाहीत, कारण नियमांच्या पुस्तकात हात हलवण्याचा उल्लेख नाही. आडसूळला आता डाव्या हातानं कुणाला टाटा करता येत नाही, पण नोकरीत त्यावाचून काही अडत नाही. डोंगरदिवे दिवाळीच्या रजेवर याच रस्त्यानं येणार आहे. बुलबुल हल्ली गेटवर असतो. हलत्या हातावर बसायला त्याला पहिले दोन दिवस जड गेलं.