उंदरांचा पितृपंधरवडा

"नव्या उंदीरघराचा इनचार्ज मीच होणार, लिहून ठेवा!" चितेगावला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये वैजनाथनं सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. कुणी विचारलंही नव्हतं!

कंपनी औषधांची. औषध आधी पांढऱ्या उंदरांवर तपासायचं आणि त्यासाठी उंदीर तिथंच वाढवायचे. त्यांच्या दोन खोल्या होत्या. एक वैजनाथची, दुसरी शेंद्र्याच्या रामकिसनची. तपासणीचे साहेब येऊन गेले की दोन्ही मिळून एक मोठं उंदीरघर होणार होतं आणि त्याला इनचार्ज एकच!

रामकिसनचं नाव काढलं की वैजनाथच्या पोटात दुखायचं. त्याच्या माद्या शांत, पिल्लं गुबगुबीत. वरून दोन्ही खोल्यांच्या प्रमुख डॉक्टर भानुमती मॅडम याला 'वैजनाथराव' म्हणायच्या आणि त्याला 'आमचा रामकिसन'. त्या 'आमचा'नं वैजनाथचा नुसता जळफळाट व्हायचा. मान याच्या वाट्याला आणि माया शेजारच्या खोलीत, हा कुठला न्याय?

उंदीर वाढवण्याचे नियम तसे साधे होते. मादी गाभण दिसली की नर बाहेर काढायचा, नाहीतर बाळंत झाल्या झाल्या तिला पुन्हा दिवस जातात. पिल्लं तीन आठवड्यांची झाली की आईपासून तोडायची, नर-माद्या वेगळ्या करायच्या आणि एका पिंजऱ्यात पाचाच्या वर ठेवायचे नाहीत. वैजनाथला हे सगळं तोंडपाठ होतं. पण गणपतीच्या गडबडीत नर काढायचे राहून गेले आणि मग ऐन मोक्याला पितृपंधरवडा लागला! वैजनाथच्या घरी या दिवसांत नवी चप्पलसुद्धा घेत नसत.

"भाऊ, नर काढले का?" रामकिसननं दारातून विचारलं. "लई गर्दी व्हईल बरं."

"पितृपंधरवड्यात बापाला घराबाहेर काढू? आमच्यात नाही चालत!"

"अन् पोरं कवा तोडणार?"

"घटस्थापना होऊ दे. आत्ता लेकरं आईपासून तोडायची नसतात."

"उंदराला कुठला आलाय पंधरवडा!" रामकिसन हसत निघून गेला.

ते हसू वैजनाथला झोंबलं. आपली पिल्लं वाढलेली याला बघवत नाहीत, दुसरं काय! आता तर मुळीच नर काढायचे नाहीत, असं त्यानं ठरवलं.

बापांनी या मुक्कामाचं सोनं केलं! घटस्थापनेपर्यंत एकेका पिंजऱ्यात थोरली पोरं अजून अंगावर पीत होती, त्यांच्या पायाखाली धाकटी लालबुंद पोरं वळवळत होती आणि बाप कोपऱ्यात मिशा साफ करत बसला होता. दिवाळीतली एसटी परवडली, अशी गर्दी! मुताच्या वासानं डोळ्यांतून पाणी यायचं. त्यातच मॅडमनी निरोप धाडला, "साहेब उद्याच येताहेत!"

वैजनाथ रिकामे पिंजरे शोधत खोलीभर धावला. एकही पिंजरा रिकामा नव्हता. रामकिसनकडं जादा पिंजऱ्यांची उतरंड धुऊन ठेवलेली होती, पण त्याच्याकडं मागायचं? जीव गेला तरी नाही!

आणि मग त्याला ती झकास कल्पना सुचली. पिंजरे कशाला आणायचे? उंदीरच तिकडं नेऊ! साहेबांनी रामकिसनचं दार उघडलं की आत नुसती चेंगराचेंगरी! मग म्हणा, 'आमचा रामकिसन'!

संध्याकाळी रामकिसन बसकडं गेला आणि वैजनाथ कामाला लागला. थोरली पोरं उचलायची आणि रामकिसनच्या पिंजऱ्यांत कोंबायची. नर नरांत, माद्या माद्यांत, एवढी अक्कल मात्र शाबूत होती. सगळे पांढरेशुभ्र, कुणाचा कोण हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. बस चुकली, तरी स्वारी टेंपोला लटकून गाणं गुणगुणत घरी गेली.

सकाळी मॅडम साहेबांना घेऊन आल्या. वैजनाथच्या खोलीत सगळं टापटीप होतं. "ठीक आहे," साहेब म्हणाले, "जरा रिकामं रिकामं वाटतं." वैजनाथनं मनात म्हटलं, थांबा, भरलेलं पुढं आहे!

रामकिसनचं दार उघडलं आणि वैजनाथनं आ वासला. साहेब येणार म्हणून रामकिसननं पहाटेच येऊन सगळे जादा पिंजरे मांडले होते! छतापर्यंत रांगा, प्रत्येकात मोजके उंदीर, खाली ताजा भुसा.

"वा! एवढी पैदास, आणि गर्दी कुठंच नाही?" साहेब थक्क झाले. "कसं जमलं?"

रात्रीत एवढी पोरं आली कुठून, हे रामकिसनलाही उमगलं नव्हतं. पण आयतं कौतुक परत करणारा गडी तो नव्हे! छाती पुढं काढून म्हणाला, "हातगुण हाय साहेब!"

"आमचा रामकिसन आहेच तसा," मॅडम म्हणाल्या.

वैजनाथच्या टाळक्यात तिडीक गेली. "अहो, ती माझी पिल्लं आहेत!"



"तुमची?" मॅडमच्या भुवया चढल्या. "मग इकडं कशी आली?"

खरं सांगावं तर नोकरी जाणार. वैजनाथनं घाईघाईनं सारवासारव केली. "म्हणजे... मला ती... माझ्या पिल्लांसारखीच वाटतात, मॅडम."

"बघा!" साहेब गहिवरले. "दुसऱ्याच्या पिल्लांवर एवढी माया! अशी माणसं राहिली कुठं?"

"मग ठरलं," मॅडम खूश होऊन म्हणाल्या. "नव्या घराचा इनचार्ज रामकिसन, आणि त्याच्या हाताखाली वैजनाथराव!"

रामकिसननं मोठ्या मनानं भुशाचं पोतं वैजनाथच्या खांद्यावर ठेवलं.

"या भाऊ! लाजू नका, पोरं तुमचीच समजा!"