जॅक कुठला घ्यायचा?

घोडीला पाठवायचं ठरलं, तेव्हापासून मास्तरांच्या घरात जॅक सोडून दुसरा विषय नव्हता. घोड्याच्या ट्रेलरचा पुढचा दांडा उचलून गाडीच्या हुकावर बसवायला जॅक लागतो आणि जुना जॅक गंजून निकामी झाला होता. नवा आणायचा, एवढंच. पण हाताने फिरवायचा की विजेवर चालणारा, यावर मास्तरांनी केला तेवढा विचार लग्नाच्या वेळीसुद्धा केला नव्हता, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं होतं.

मास्तर घोडेस्वारी शिकवायचे. गुडघे गेले, शिकवणी बंद पडली, घोडे एकेक करून विकले गेले. उरली ही म्हातारी घोडी, जिला बायको 'सवत' म्हणायची. जोडीचा घोडा मेल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि अर्धा चारा तसाच टाकायची. जनावरांच्या डॉक्टरने स्पष्टच सांगितलं, की ती एकटी कुढतेय, तिला चार घोड्यांत ठेवा. लांबच्या एका कुरणावर म्हाताऱ्या घोड्या ठेवून घेत, तिथे जागाही मिळाली.

"एकटी कुठाय? मी आहे की," मास्तर म्हणाले.

सरळ नाही म्हणता येईना, म्हणून मास्तरांनी जॅकला धरलं. हाताचा घ्यावा तर खांदा साथ देत नाही, विजेचा घ्यावा तर बॅटरी ऐन वेळी दगा देणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बायको विजेच्या बाजूला झुकली की हे हाताच्या बाजूला आणि ती हाताचा म्हणाली की यांना खांदा आठवायचा. कुरणावरून फोन आला की "जॅकचं ठरतंय" असं उत्तर जायचं. शेवटी तिथल्या माणसाने बजावलं, की या आठवड्यात घोडी आली नाही तर जागा दुसरीला देईन.

बायकोचा धाकटा भाऊ गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता. त्याने दोन्ही जॅक आणून पायरीवर ठेवले.

"भावोजी, आता बोला."

मास्तरांनी दोन्ही जॅक उलटेसुलटे करून पाहिले. त्यांनी विजेचा निवडला, कारण तो बसवायला जास्त वेळ लागणार होता. ट्रेलरची बॅटरी केव्हाच मेलेली, म्हणून मेहुण्याने गाडीच्या बॅटरीतून वायर ओढली. बटण दाबताच दांडा गुरगुरत वर गेला. मास्तरांनी तो खाली आणला, परत वर नेला, परत खाली आणला. खात्री केलेली बरी, असं ते म्हणत राहिले. शेवटी बायकोने त्यांच्या हातातून बटण काढून घेतलं आणि दांडा एकदाचा हुकावर बसला.

मास्तरांना अजून एक आशा होती. ही घोडी ट्रेलरला जन्माची भ्यायची, तिला आत चढवताना माणसांच्या नाकी नऊ यायचे. त्यांनी मागचं दार उघडलं, फळी टाकली आणि सावकाश दोर हातात घेतला. घोडीने फळी हुंगली, मास्तरांना बाजूला सारून आत गेली आणि गवतात तोंड घातलं. मास्तरांना फार वाईट वाटलं.

ते गाडीत बसले, किल्ली फिरवली. नुसता टक् आवाज आला. मेहुण्याने कपाळाला हात लावला. भावोजींच्या खात्रीपायी जॅकने गाडीची बॅटरी पार पिऊन टाकली होती.

"राहू दे, आज योग नाही," मास्तर म्हणाले. आनंद त्यांना लपवता येईना. "उतरवतो तिला."

घोडी उतरेना. त्यांनी दोर ओढला, चुचकारलं, गाजर दाखवलं. गाजर तिने खाल्लं, पण पाय हलवला नाही. समोरच्या खिडकीतून रस्ता दिसत होता आणि कान टवकारून ती तिकडेच बघत होती. इतक्या महिन्यांत तिचे कान असे उभे राहिलेले मास्तरांनी पाहिले नव्हते. तिच्या मानेवर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले.

बाहेर आले तेव्हा डोळे ओले होते.

"शेजाऱ्यांची गाडी आण," ते मेहुण्याला म्हणाले. "वायर जोडून चालू करू."

"भावोजी, उद्या नवी बॅटरी टाकून निवांत जाऊ की."

"उद्या नको," मास्तर म्हणाले. "उद्या मी परत जॅकवर बोलायला लागेन."